कण्हेरीचं पाणी

आत्याने उतारावरून हाक मारली ती अशी, की खाली नर्सरीच्या ऑफिसात चहाचा कप तोंडाला लावून बसलेल्या दादाला वाटलं, कुणाला तरी विंचू चावला. कप तसाच टाकून तो धावला. त्याच्यामागे वहिनी, वहिनीमागे अर्ध्या गालावर दाढीचा साबण घेऊन धाकटा, आणि सगळ्यांच्या शेवटी काठी टेकत, वाटेतल्या कुंड्यांना शिव्या देत आई. वाटणीवरून भांडण झाल्यापासून ही चार माणसं एका दिशेने जाताना कुणी पाहिली नव्हती. त्या सकाळी मात्र धावली.

"काय झालं?" दादाला धाप लागली होती.

"उमललं," आत्या म्हणाली.

आणि खरोखरच उमललं होतं. कण्हेरीत माणसाने काय काय पाहिलेलं असतं? गुलाबी, पांढरी, लाल, फार तर फिकट पिवळी. रस्त्याच्या दुभाजकावर धूळ खात उभी असते ती. हे फूल भट्टीतून नुकत्याच काढलेल्या तांब्याच्या रंगाचं होतं. पाकळीच्या कडेला जांभळट धूर, आणि आत घशाशी केशरी रेघा, कुणी बारीक कुंचल्याने ओढाव्यात तशा. एका तुऱ्यात तीन फुलं उघडली होती आणि मागे कळ्यांची रांग लागली होती.

धाकटा जवळ गेला. "ताई, रंग तर नाही ना लावलास?"

"चाटून बघ."

धाकट्याने तोंड मागे घेतलं. त्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा कण्हेर चाटत नाही.

आईने डोळे बारीक केले, मग मोठे केले. "तुझा बाप हे बघून मेला असता गं."

"तो मेलेलाच आहे, आई."

"म्हणजे परत मेला असता."

सगळे हसले. दादा तर इतका हसला, की त्याने आत्याच्या पाठीवर थाप मारली. गेल्या कित्येक वर्षांत त्याने तिच्या पाठीकडे बघितलं होतं ते फक्त ती ऑफिसातून कधी बाहेर जातेय हे पाहायला. आत्याचाही ऊर भरून आला. खोटं कशाला बोला? बाई कितीही कडवट असली, तरी आपल्या हातचं काही उमललं आणि घर ते बघायला धावलं, की दोन मिनिटं ती विरघळतेच. त्या दोन मिनिटांतच बायका लुटल्या जातात.

ती आत्या होती फक्त दादाच्या मुलांची. मुलं शिकायला बाहेर गेली, पण नाव मागे राहिलं. माळ्यांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. नवऱ्याचं घर सोडून ती परत आली तेव्हा बापाने तिला नर्सरीमागचा दगडांचा उतार दिला आणि कण्हेर दिली. म्हणाला, "हिला शेळी खात नाही, गाय खात नाही, पाण्यावाचून ही मरत नाही. तुझं आणि हिचं जमेल." ही माया होती की टोमणा, ते त्याने सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

जमलं मात्र खरं. कण्हेरीचा संकर करणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोर ओवणं. फुलाचा घसा अरुंद, पराग आत टोपीखाली लपलेला. मासे धरायच्या तंगुसाचं टोक एका फुलाच्या घशात घालायचं, हलकेच फिरवायचं आणि दुसऱ्या फुलाच्या घशात न्यायचं. दहांतली एखादी शेंग धरते. ती तडकून म्हातारीच्या कापसासारखं बी उडून जाऊ नये म्हणून तिला फडकं बांधायचं. बी पेरायचं, दोन-तीन वर्षं वाट पाहायची. आणि एवढं करून येतं ते काय, तर गुलाबी. पुन्हा गुलाबी. ती रोपं उपटायची आणि खड्ड्यात पुरायची. जाळायची नाहीत, कारण कण्हेरीचा धूर छातीत गेला तर माणूस खोकत खोकत दवाखान्यात जातो. बापाच्या काळापासून घरात कायदाच होता: कण्हेर ज्याला लागली त्या कात्रीला, बादलीला, बाटलीला लाल पट्टी चिकटवायची. लाल पट्टी दिसली की हात मागे. बाकी घरात कुठल्याच गोष्टीवर एकमत नव्हतं, या पट्टीवर होतं.

"आपलं नशीब उघडलं," दादा म्हणाला.

आत्याच्या कानाला त्यातला एकच शब्द लागला.

"आपलं म्हणजे कुणाचं?"

"आता तू परत सुरू नको करूस. मी आत्ताच्या आत्ता ठेकेदाराला फोन लावतो. सगळ्या मोठ्या रस्त्यांची झाडं तो लावतो, कंपन्यांच्या बागा त्याच्याकडे आहेत. हे फूल बघितलं की तो वेडा होईल. आजच करार करून टाकू. या जातीची रोपं फक्त आपल्याकडून घ्यायची."

"करारात झाडाचा मालक कोण?"

"फर्म."

"फर्म म्हणजे कोण?"

दादाने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने गालावरचा वाळलेला साबण खरवडायला घेतला.

"फर्म म्हणजे मी आणि हा. तुला माहीत नाही का?"

"आणि मी?"

"तू घरचीच आहेस की."

घरची. हा शब्द ज्याने काढला, त्याला एकदा उलटा टांगायला हवा. बाई घरची असते ती पाणी घालायला, खत कालवायला, उन्हात वाकायला. कागद आला, की तीच बाई पाहुणी होते.

"माझी एकच गोष्ट आहे," आत्या म्हणाली. "झाड माझं, असं कागदावर येऊ दे. मग ठेकेदाराला विका, राजाला विका. नाहीतर मी या झाडाला कुणाला हात लावू देणार नाही."

"जमीन फर्मची, पाणी फर्मचं, खत फर्मचं," दादा म्हणाला.

"आणि घाम?"

"घामाची पावती नसते."

वहिनी मध्ये पडली. वहिनीला मध्ये पडायचं वेड होतं, फक्त ती नेहमी एकाच बाजूला पडायची. "वन्सं, तुमचं कौतुक आहेच हो. पण झाड तुमचं म्हटलं तर उद्या तुम्ही ते घेऊन चालत्या झालात तर?"

"कुठे जाणार मी? दगडांचा उतार डोक्यावर घेऊन?"

"ताईचं बरोबर आहे," धाकटा एकदम बोलला. आत्याने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो पुढे म्हणाला, "निदान वीस टक्के तरी तिच्या नावावर..."

"तुझ्या वाट्यातून देतोस?" दादाने विचारलं.

धाकटा पुन्हा साबण खरवडू लागला. त्याचा पाठिंबा तेवढाच टिकला.

आई काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. वाटणीचा विषय निघाला की आई बोलायची नाही, आणि तिच्या न बोलण्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावायचा.

"ठेकेदार दुपारी येतोय," फोन ठेवून दादा म्हणाला. "तोवर झाडाला कुणी हात लावायचा नाही. कुणीही. समजलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या पटकन, की आत्याला तिथंच कळायला हवं होतं.

कण्हेरीला कुलूप लावता येत नाही. वीतभर काडी तोडा, पाण्यात उभी करा, काही आठवड्यांत मुळं फुटतात. आई तांबडी तर काडीची लेकही तांबडी, रंगात फरक पडत नाही. बियाचं पोर बापावर जाईल की आजीवर, सांगता येत नाही. काडी मात्र हुबेहूब तेच झाड. ज्याच्या हातात काडी, त्याच्या हातात सगळी जात. दुसऱ्या कुठल्या घरात हे कुणाला ठाऊक नसतं. या घरात आईपासून सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून सगळे खाली गेल्यावर आत्याने खिशातून कात्री काढली आणि मागच्या बाजूची, फूल नसलेली एक फांदी तिरकी कापली. स्वतःच्या झाडाची चोरी. उद्या दादाने झाडावर फर्मची पाटी लावली, तर निदान ही एक काडी तिची असेल.

आता ठेवायची कुठे? काचेच्या बाटलीत काडी ठेवली तर या घरातला माणूस लांबून ओळखेल, कसली आणि कुणाची ते. ऑफिसच्या मेजावर पाण्याच्या स्टीलच्या बाटल्यांची रांग असायची. दादाने त्या एकगठ्ठा आणल्या होत्या, सगळ्या एकसारख्या, आणि ओळखीसाठी त्यांच्यावर रंग लावायला वहिनीने मनाई केली होती. दिसायला घाण दिसतं म्हणे. सकाळी भरून ठेवायच्या, दिवसभर ज्याला तहान लागेल त्याने उचलायची. पुढची आधी, मागची शेवटी. भिंतीलगतच्या शेवटच्या बाटलीला संध्याकाळपर्यंत कुणी हात लावत नाही. ऑफिस रिकामं पाहून आत्याने पानं खुडली, काडी शेवटच्या बाटलीत सोडली, झाकण फिरवलं. लाल पट्टीचं रीळ समोरच खिळ्याला लटकत होतं. पण पट्टी लावणं म्हणजे पाटी लावण्यासारखंच की, आत काडी आहे म्हणून. थोड्या वेळाचा तर प्रश्न होता. माळी जेवायला बसले की उचलू.

ज्या बाईने त्या पट्टीवरून माळ्यांना, गिऱ्हाइकांना आणि खुद्द दादाला हजारदा फैलावर घेतलं होतं, तिनेच पट्टी लावली नाही.

मग वेळ कसा गेला ते कळलं नाही. उतारावर साफसफाई करायची होती, झाडाभोवती सावलीचं जाळं बांधायचं होतं. दादा येऊन झाड बघून गेला. धाकटा फोटो काढायला म्हणून आला आणि बराच वेळ फोटो काढत राहिला. वहिनी तर चक्क सरबत घेऊन आली. "उन्हात दमलात हो वन्सं, खाली सावलीत बसून प्या." आत्या सावलीत बसून प्यायली. मूर्ख बाई.

दुपारी खाली गाडीचा भोंगा वाजला. जाण्याआधी झाडाला शेवटचं नीट बघावं, म्हणून आत्या वाकली आणि तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

फांदी कापलेली. तिची नव्हे. तिच्या शेजारची.

तिने जाळं बाजूला केलं. अजून एक. खाली अजून एक. सालीतून गळलेला चिकट रस अजून वाळला नव्हता. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक जखम बघत गेली. नर्सरीतल्या माणसाची कापणी म्हणजे सही. हा सरळ, स्वच्छ, एका फटक्यातला छेद दादाचा. त्याच्या परदेशी कात्रीशिवाय असा छेद होत नाही. ही साल सोलत खाली ओरबाडलेली फांदी धाकट्याची. त्याने आयुष्यात कुठलंही काम हत्यार घेऊन केलं नाही. ही चघळल्यासारखी कड स्वयंपाकघरातल्या बोथट कात्रीची, म्हणजे वहिनी. म्हणून सरबत.

चौथी अगदी खालची, नखाने पिरगाळून काढलेली. पिरगाळून काढायची घरात एकाच माणसाला सवय होती.

"आई, तूसुद्धा," आत्या मोठ्याने म्हणाली. झाडाशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

ती उठली आणि उतारावरून खाली निघाली ती पावलं टाकत नव्हे, आपटत. आज ठेकेदारासमोरच बोलायचं. एकेकाची लाज ठेकेदारासमोरच काढायची. या विचाराने तिच्या अंगात असं काही वारं भरलं, की ऑफिसचं दार तिने खांद्यानेच उघडलं.

आत सगळे होते. दादा कागद पसरून बसलेला, वहिनी हसऱ्या चेहऱ्याने उभी, धाकटा नव्या शर्टात, आई खुर्चीत शाल पांघरून. आणि मध्ये ठेकेदार, घामाने डबडबलेला, मानेवर रुमाल, तोंडाला स्टीलची बाटली.

त्याने बाटली खाली घेतली, तोंड वेडंवाकडं केलं. "पाणी जरा कडू आहे हो तुमचं. बोअरचं का?"

आत्याने मेजाकडे पाहिलं. रांगेतली भिंतीलगतची जागा रिकामी होती.

"वहिनी," ती म्हणाली. आवाज आपला आहे की दुसऱ्या कुणाचा, हे तिला कळेना. "कुठली बाटली दिलीत?"

"शेवटची. पाहुण्यांना म्हणून मुद्दाम कोपऱ्यातली दिली, कुणाच्या तोंडाला न लागलेली. का हो?"

आत्याने ठेकेदाराच्या हातातून बाटली हिसकावली आणि आत दोन बोटं घालून काडी बाहेर ओढली. सगळ्यांच्या देखत ती ओल्या काडीवरून पाणी ठिबकवत उभी राहिली.

"कण्हेर," ती म्हणाली.

मग जे झालं, ते त्या घराण्याच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवायला हवं. दादा ताडकन उठला आणि गाडीकडे पळाला. वहिनी घरात पळाली. पाठोपाठ कपाटाचं दार करकरलं. धाकटा स्कूटरकडे पळाला आणि डिकीची किल्ली लागेना म्हणून तिला लाथा घालू लागला. विष प्यायलेला माणूस खुर्चीत, आणि घरचे तीन दिशांना पांगलेले.

आईने तेवढी जागा सोडली नाही. तिने शालीखालून स्टीलची बाटली काढली, हलवून बघितली आणि परत शालीखाली घातली. "माझी इथंच आहे," ती म्हणाली.

ठेकेदार एकदा दाराकडे, एकदा आत्याकडे बघत होता. "हे सगळे कुठे गेले?"

"आपापली चोरी जागेवर आहे का ते बघायला."

दादा दारात आला. चेहऱ्यावर सुटकेचं हसू. "माझी नाही."

"माझीपण नाही," मागून वहिनी.

"माझी डिकीत आहे," धाकटा म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते तिघांनाही एकदमच कळलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझी आहे," आत्या म्हणाली. "दादा, गाडी काढ."

"मिठाचं पाणी देऊ का?" वहिनीने विचारलं. "ओकून टाकतील."

"काहीही द्यायचं नाही. तुम्ही आज पुरेसं पाणी दिलंत. गाडी काढ म्हणते ना."

दादा गाडी अशी हाकत होता, की समोरचे लोक आधी शिव्या द्यायचे आणि मग बाजूला व्हायचे. मागच्या सीटवर आत्याने ठेकेदाराचं मनगट धरलं होतं. नाडी लागत होती, पण मध्येच एखादा ठोका पडायचा राहत होता, आणि तो राहिला की आत्याचाही राहत होता.

"कण्हेरीने माणसं मरतात ना?" ठेकेदाराने विचारलं. मोठा, जाडजूड माणूस. आवाज मात्र शाळेतल्या मुलाचा झाला होता.

"मरतात."

"अगं," दादा पुढून ओरडला, "त्यांना घाबरवू नकोस."

"विचारलं त्याचं उत्तर दिलं. किती प्यायलात?"

"दोन घोट. तीन असतील. तहान लागली होती."

"सगळी बाटली नाही ना?"

"कडू लागलं म्हणून थांबलो."

"मग बरे व्हाल." तिला खात्री नव्हती. पण तिने ते अशा आवाजात सांगितलं, की ठेकेदाराने मान डोलावली.

दादा आरशातून तिच्याकडे बघत होता. वळण घेऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, "ऐक. डॉक्टरांना सांगू, पित्त झालंय. ऊन लागलं म्हणू. ते तपासतीलच ना. उगाच कण्हेर, विष हे शब्द काढले, तर पोलीस येतील. नर्सरी बंद होईल. मग तुझं फूल कोण घेणार? कोणी नाही. कुत्रं विचारणार नाही. तुझं आयुष्य त्या झाडात गेलंय, मला माहीत आहे. तुझ्यासाठीच सांगतोय."

दादा आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला होता, की तुझं आयुष्य त्या झाडात गेलंय. आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तोंड उघडलं, तर फूल संपलं. आत्याला ते तांब्याचं फूल डोळ्यांपुढे दिसलं, केशरी रेघांसकट. हातात ठेकेदाराचं मनगट होतं. ठोका. ठोका. मग काहीच नाही. मग ठोका.

"मी इथंच बसलोय हो," ठेकेदार म्हणाला. "मला ऐकू येतंय."

"दादा," आत्या म्हणाली, "पुढे बघून चालव. आणि दवाखान्यात तोंड उघडलंस, तर तुझ्या गाडीत काय लपवलंयस ते मी आधी सांगीन."

दवाखान्याच्या पायरीवरच ठेकेदार ओकला. डॉक्टर पोरगेलीशी बाई होती, पण तिने एकही प्रश्न फुकट घालवला नाही. काय घेतलं? कण्हेर. पान, फूल, बी? काडी, पाण्यात उभी होती. किती वेळ? सकाळपासून. किती प्यायले? तीन घोट. आत्या उत्तरं देत गेली, डॉक्टर हात चालवत गेली. काळीभोर कोळशाची पूड पाण्यात कालवून तिने ठेकेदाराला पाजली, छातीला वायरी चिकटवल्या, आणि पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारू लागली. मध्येच एखादी उडी चुकत होती.

"बरं झालं, सरळ सांगितलंत," डॉक्टर म्हणाली. "लोक पित्त म्हणून आणतात आणि आम्ही पित्ताचं औषध देत बसतो."

दादा भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र वाचू लागला.

मग फक्त वाट पाहणं उरलं. स्कूटरवरून धाकटा आणि वहिनी आले. रेघ चुकायची, सावरायची. नर्स यायची, जायची. आत्या खुर्चीत बसली नाही. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून रेघ बघत होती, आणि मनातल्या मनात स्वतःला अशा शिव्या देत होती, ज्या तिने दादालाही कधी दिल्या नव्हत्या. बाहेरचं ऊन उतरलं तेव्हा डॉक्टर येऊन पडद्याकडे पाहून म्हणाली, "चांगलं आहे. पण उद्यापर्यंत इथंच ठेवणार. आणि विषाची केस आहे, मला कळवावं लागलं."

कळवलं होतं. दारात पोलीस उभा होता. वयाने दादाएवढा, थकलेला.

"झाड कुणाचं आहे?" त्याने विचारलं.

साधा प्रश्न. सकाळपासून याच प्रश्नावर घर पेटलं होतं.

"हिचं," दादा म्हणाला.

"वन्संचं," वहिनी म्हणाली. "आमचा काही संबंध नाही हो. त्यांनीच बी पेरलं, त्यांनीच वाढवलं."

"ताईचं," धाकटा म्हणाला. "फर्मचं अजिबात नाही. आम्ही तर तिकडे जातसुद्धा नाही."

आत्या वळली. रडू येतंय असं तिला आधी वाटलं, पण ते हसू होतं.

"साहेब," ती म्हणाली, "एकेकाला परत विचारा. नीट विचारा. मला ऐकायचंय."

पोलिसाने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग त्याने खरंच विचारलं, कदाचित कंटाळा घालवायला. "तुम्ही सांगा. झाडाचे मालक तुम्ही नाही?"

"नाही," दादा म्हणाला.

"तुम्ही?"

"छे छे," धाकटा.

"तुम्हाला त्यात हिस्सा?"

"देवा शपथ नाही," वहिनी.

"मग बाई, झाड तुमचं?"

"झाड माझं," आत्या म्हणाली. "कण्हेरीची काडी साध्या बाटलीत ठेवली, पट्टी लावली नाही, ही चूकही माझी. एकटीची. लिहून घ्या. आणि हेही लिहा, की हे तिघं आत्ता तुमच्यासमोर काय म्हणाले."

दादाला कळलं. धाकट्याला कळायला थोडा वेळ लागला, मग त्याने कपाळाला हात लावला. वहिनीला सगळ्यात शेवटी कळलं, पण सगळ्यात जास्त लागलं.

"अगं, म्हणजे तसं नाही," दादा म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या जमीन..."

"थांबा हो," पोलीस म्हणाला. "आत्ताच नाही म्हणालात ना? मग आता गप्प बसा." तो पलंगाकडे वळला. "तुमची यांच्याविरुद्ध तक्रार आहे का?"

सगळ्यांनी ठेकेदाराकडे पाहिलं. त्याचे ओठ कोळशाने काळे झाले होते. छातीवर वायरींचा गुंता. त्याने दादाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, धाकट्याकडे तर बघितलंच नाही. मग आत्याकडे बघत राहिला. तिने नजर खाली घातली नाही. तक्रार असेल तर ती खरीच असणार होती.

"गाडीत हात यांनीच धरला होता," तो शेवटी म्हणाला. "आणि खरं यांनीच सांगितलं. तक्रार नाही. पण एक विचारायचंय."

"विचारा," आत्या म्हणाली.

"ज्याच्यासाठी मी एवढ्या उन्हात आलो, ते फूल मी अजून पाहिलेलंच नाही. खरंच तांब्याच्या रंगाचं आहे?"

"तांब्याहून बरं आहे. अजून कळ्या बाकी आहेत. सोडलं की या. मी दाखवीन, आणि बोलायचं असेल तर माझ्याशी बोलायचं." आत्या थांबली. "पाणी तेवढं घरून आणा."